१५ वजने, २ पुंजके आणि एक अज्ञात वायू : खोड-पान आकृतीचा इतिहास

१/
इ.स. १८९३च्या नोव्हेंबरअखेरपासून १८९४च्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, टर्लिंग येथील आपल्या प्रयोगशाळेत लॉर्ड रेली यांनी काचेचा गोल पुन्हा पुन्हा नायट्रोजनने भरला आणि तोलला. हाती १५ वजने आली. सर्वांत हलके २.२९८१६ ग्रॅम, सर्वांत जड २.३१०३० ग्रॅम. अंतर अवघे १२ मिलिग्रॅम. तेवढ्या फटीत एक मूलद्रव्य दडलेले होते.

२/
पुढे सुमारे आठ दशकांनी हीच १५ वजने एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाच्या ग्रंथात उदाहरण म्हणून आली. ग्रंथकार जॉन वाइल्डर टूकी. ग्रंथाचे नाव ‘एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस’, प्रकाशनवर्ष १९७७. शाळेच्या गणितात ‘स्टेम अँड लीफ’ म्हणून शिकवली जाणारी आकृती जगभर पोहोचली ती प्रामुख्याने याच ग्रंथामुळे. मराठीत तिला खोड-पान आकृती म्हणता येईल. तिचा हा इतिहास, आणि ती काढण्या-वाचण्याची रीतही.

३/
प्रथम त्या काळातील संख्याशास्त्राची स्थिती पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोनाल्ड फिशर, येर्झी नेमन, एगॉन पिअर्सन यांनी या शास्त्राला कठोर गणिती शिस्त दिली. आधी गृहीतक मांडायचे, मग आकडे जमवायचे, मग ते गृहीतक टिकते की नाही याचा निवाडा करायचा, अशी ती पद्धत होती. निवाड्याचे नियम उत्तम होते. परंतु ज्याचा निवाडा करायचा ते गृहीतक मुळात सुचावे कोठून, या प्रश्नाला त्या नियमांत फारशी जागा नव्हती.

४/
टूकी यांचा जन्म १९१५ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे झाला. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले होते, आणि मुलाचे बरेचसे प्रारंभिक शिक्षण घरीच झाले. ब्राउन विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. पुढे प्रिन्स्टनमधून १९३९ साली गणितात डॉक्टरेट मिळवली. महायुद्धाच्या काळात तोफखान्याच्या नेमबाजीशी संबंधित संशोधन कार्यालयात काम करताना त्यांचा खऱ्याखुऱ्या, वेड्यावाकड्या आकड्यांशी संबंध आला, आणि शुद्ध गणिताकडून ते संख्याशास्त्राकडे वळले.

५/
युद्धानंतर प्रिन्स्टन विद्यापीठ आणि बेल लॅबोरेटरीज अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी दीर्घकाळ काम केले. शब्द घडवण्याची त्यांना विलक्षण हौस होती. संगणकातील ‘बिट’ हा शब्द त्यांचा. क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याचे श्रेय टूकी यांनाच दिले आहे. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आजच्या अर्थाने छापील लेखनात आरंभी वापरणाऱ्यांतही त्यांचे नाव येते (१९५८). तेव्हा एखाद्या आकृतीला त्यांनी खोड आणि पाने बहाल केली, यात नवल नाही.

६/
१९६२ साली टूकी यांनी ‘द फ्यूचर ऑफ डेटा ॲनालिसिस’ हा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. गणिती संख्याशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आलेल्या या निबंधाने त्या शास्त्रालाच प्रश्न विचारला : आपण आकडे खरोखर पाहतो का? त्यांच्या मते गृहीतकाची परीक्षा हे न्यायाधीशाचे काम आहे. पण खटला उभा राहण्यापूर्वी कोणीतरी माग काढावा लागतो, पुरावे गोळा करावे लागतात. तो तपास म्हणजेच ‘अन्वेषक’ विश्लेषण होय. त्यासाठी लागणारी साधने स्वस्त, जलद आणि पेन्सिल-कागदावर चालणारी हवीत, असा त्यांचा आग्रह होता.

७/
खोड-पान आकृती हे त्यांतील सर्वांत साधे साधन. तिची पाळेमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर्थर बोली यांनी केलेल्या कामापर्यंत नेली जातात. तथापि तिला नाव, नियम आणि प्रतिष्ठा दिली ती टूकी यांनी. १९७२ साली संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांच्या गौरवग्रंथात लिहिलेल्या लेखात त्यांनी २१८ ज्वालामुखींच्या उंचीची अशी आकृती छापली. दुरून पाहिल्यास ती आलेखासारखी दिसते. जवळ गेल्यास प्रत्येक ज्वालामुखीची उंची वाचता येते. असे दुहेरी वाचन साधणाऱ्या आकृत्यांना टूकी ‘अर्धचित्रात्मक’ म्हणत.

८/
आता रीत पाहू. अमेरिकेच्या पहिल्या १० राष्ट्राध्यक्षांची पदग्रहणाच्या वेळची वये क्रमाने अशी होती :
वॉशिंग्टन ५७, ॲडम्स ६१, जेफरसन ५७, मॅडिसन ५७, मन्रो ५८, जॉन क्विन्सी ॲडम्स ५७, जॅक्सन ६१, व्हॅन ब्युरेन ५४, हॅरिसन ६८, टायलर ५१.
प्रत्येक संख्येचे दोन भाग करायचे. दशकाचा अंक म्हणजे खोड, एककाचा अंक म्हणजे पान. उभी रेघ ओढून डावीकडे खोडे एकदाच लिहायची आणि यादी वाचत जाऊन प्रत्येक पान आपापल्या खोडापुढे ठेवायचे.

९/
पहिल्या फेरीत पाने आली तशी बसतात :
५ | ७ ७ ७ ८ ७ ४ १
६ | १ १ ८
दुसऱ्या फेरीत ती चढत्या क्रमाने लावायची :
५ | १ ४ ७ ७ ७ ७ ८
६ | १ १ ८
किल्ली : ५ | १ म्हणजे ५१ वर्षे.
ही किल्ली शोभेसाठी नसते. ५ | १ म्हणजे ५१, ५.१ की ५१०, हे तिच्यावाचून कोणालाच कळणार नाही. इंग्लंडच्या शालेय परीक्षांत किल्ली विसरणाऱ्यांचे गुण जातात, ते यामुळेच.

१०/
आता वाचन. एकूण पाने १०, म्हणून मध्यक पाचव्या आणि सहाव्या पानांच्या मधोमध. दोन्ही ५७, म्हणून मध्यक ५७. सर्वाधिक वेळा आलेले पानही तेच, म्हणून बहुलक ५७. सर्वांत तरुण ५१चे, सर्वांत वयस्क ६८चे, म्हणून विस्तार १७. वेगळी आकडेमोड जवळजवळ करावीच लागली नाही, कारण आकृती काढता काढताच संख्यांची क्रमवारी लागली. संगणक दुर्मीळ असताना याचे मोल मोठे होते. हाताने मध्यक काढण्यातले खरे कष्ट क्रमवारीतच असतात.

११/
मराठी पाठ्यपुस्तकांतील ताळ्याच्या खुणा आणि वर्गीकृत वारंवारता सारणी येथे तुलनेला घ्यावी. सारणी सांगते : ५० ते ५९ या वर्गात ७ व्यक्ती, ६० ते ६९ या वर्गात ३. हे खरे आहे, पण त्या सातांतील चौघे नेमके ५७चे होते हे सारणीत शिरताच नाहीसे होते, आणि सारणीवरून ते पुन्हा मिळवता येत नाही. खोड-पान आकृतीत ओळीची लांबी वारंवारता सांगते आणि ओळीतले अंक मूळ नोंदी जपतात. सारांश आणि दफ्तर एकाच कागदावर राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१२/
दोन समूहांची तुलना करायची असेल तर पाठीला पाठ लावलेली आकृती काढतात. खोड मध्ये, एका समूहाची पाने डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. वरील दहांच्या पाठीला निक्सन यांच्यापासून बायडेन यांच्यापर्यंतचे दहा राष्ट्राध्यक्ष लावू. प्रथम पदग्रहणाच्या वेळची त्यांची वये : ५६, ६१, ५२, ६९, ६४, ४६, ५४, ४७, ७०, ७८.

पहिले १० | खोड | निक्सन ते बायडेन
(पाने नाहीत) | ४ | ६ ७
८ ७ ७ ७ ७ ४ १ | ५ | २ ४ ६
८ १ १ | ६ | १ ४ ९
(पाने नाहीत) | ७ | ० ८

डावीकडची पाने खोडापासून बाहेरच्या दिशेने वाचायची : ५१, ५४, ५७.

१३/
आधी सरासरी काढून पाहावी. पहिल्या दहांची ५८.१, दुसऱ्या दहांची ५९.७. मध्यक अनुक्रमे ५७ आणि ५८.५. या चार आकड्यांवरून कोणीही म्हणेल की सव्वादोनशे वर्षांत फारसे काही बदललेले नाही. आकृती मात्र निराळे सांगते. डावीकडे पन्नाशीच्या उत्तरार्धात दाटी आहे. उजवीकडे पाने चारही खोडांवर विखुरली आहेत. चाळिशीतले दोघे, सत्तरीतले दोघे, आणि ५७चा एकही नाही. आरंभीच्या काळी राष्ट्राध्यक्षपदाचे एक ठरावीक वय असावे असे दिसते. अलीकडच्या काळात तसे वयच उरलेले नाही. सरासरीने हा बदल पूर्णपणे झाकला होता.

१४/
काही बारकावे पाळले नाहीत तर आकृती खोटे बोलते. पाने समान अंतरावरच हवीत, अन्यथा ओळीच्या लांबीला अर्थ राहत नाही. एखाद्या खोडाला पान नसले तरी ते खोड लिहावेच, कारण रिकामी जागा हीदेखील माहिती असते. एकाच खोडावर फार गर्दी झाली तर खोड विभागावे. टूकी यांनी एका खोडाचे पाच भाग करण्याची युक्ती दिली : ०-१, २-३, ४-५, ६-७, ८-९. संख्या लांबलचक असतील तर शेवटचे अंक सरळ छाटावेत. त्यांना जवळच्या अंकात बसवण्याचा खटाटोप टूकी आवश्यक मानत नसत. छाटलेला अंक मूळ नोंदीत शोधणे सोपे जाते.

१५/
आता रेली यांच्या वजनांकडे वळू. त्यांना वायूंच्या घनता अत्यंत काटेकोरपणे मोजायच्या होत्या. नायट्रोजन त्यांनी दोन मार्गांनी मिळवला. एका मार्गात हवेतून ऑक्सिजन काढून टाकला. दुसऱ्या मार्गात नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, अमोनियम नायट्राइट यांसारख्या संयुगांतून तो मोकळा केला. दोन्हींची वजने जुळेनात. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांकडे याचे स्पष्टीकरणही मागितले होते. नंतरच्या हिवाळ्यातील ही १५ वजने म्हणजे त्याच कोड्याचा पाठपुरावा होता.

१६/
वजने तीन दशांश स्थळांवर छाटून आकृती काढली तर ती अशी दिसते :

२.२९ | ८ ८ ८ ८ ८ ९
२.३० | १ १ ९
२.३१ | ० ० ० ० ० ०

किल्ली : २.२९ | ८ म्हणजे २.२९८ ग्रॅम.
मधल्या ओळीकडे पाहावे. १ नंतर थेट ९ येतो. २.३०२ पासून २.३०८ पर्यंत एकही पान नाही. सर्व १५ वजनांची सरासरी येते २.३०४, म्हणजे नेमकी त्या ओसाड पट्ट्यात, जेथे एकही मोजमाप कधी पडलेच नाही. ही सरासरी कोणत्याच वायूचे वजन नव्हते.

१७/
आता तीच पाने स्रोताप्रमाणे पाठीला पाठ लावून :

हवेतला | खोड | संयुगांतला
(पाने नाहीत) | २.२९ | ८ ८ ८ ८ ८ ९
९ | २.३० | १ १
० ० ० ० ० ० | २.३१ | (पाने नाहीत)

येथे संशयाला जागा उरत नाही. हवेतला नायट्रोजन प्रत्येक वेळी जड आणि संयुगांतला प्रत्येक वेळी हलका. दोन्हींच्या सरासरीतील अंतर सुमारे ०.०१०६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. पण दोन्ही पुंजके एकमेकांत मुळीच मिसळत नाहीत. हातून होणाऱ्या चुका सहसा दोन्ही बाजूंना विखुरतात. त्या अशा दोन गटांत शिस्तीने उभ्या राहत नाहीत.

१८/
रेली यांच्यापुढे अर्थातच ही आकृती नव्हती. त्यांच्यापाशी त्याहून मूलभूत गोष्ट होती : प्रत्येक वजनापुढे तारीख, वायूचा स्रोत आणि शुद्धीकरणाची रीत यांची नोंद. आकडे एकाच रकान्यात ओतून सरासरी काढली असती तर १५ चांगल्या मोजमापांतून एक निरर्थक संख्या हाती आली असती, आणि विसंगती प्रयोगातील त्रुटी म्हणून पुसली गेली असती. टूकी यांनी हे उदाहरण निवडले त्यामागे हाच धडा होता : केव्हा एकत्र करावे याआधी केव्हा वेगळे ठेवावे हे कळले पाहिजे.

१९/
१८९४च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात रेली आणि विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नव्या घटकाची घोषणा केली. जानेवारी १८९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सविस्तर निबंध आला. वायू कशाशीच संयोग पावत नव्हता, म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला आर्गॉन हे नाव मिळाले. हवेतून ऑक्सिजन काढल्यावर उरणाऱ्या ‘नायट्रोजन’मध्ये सुमारे १.२ टक्के आर्गॉन असतो. नायट्रोजनच्या रेणूचा भार २८, आर्गॉनचा ४०. वजनातला अर्धा टक्का येथून आला होता. १९०४ साली रेली यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

२०/
पुन्हा आकृतीकडे येऊ. तिच्या प्रसाराला यंत्राचीही साथ मिळाली. १९७०-८०च्या दशकांतील संगणक व टंकलेखन यंत्रे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देत, त्यामुळे आलेख काढण्याची सोय नसलेल्या छपाईयंत्रावरही खोड-पान आकृती नेटकी उमटे. १९८१ साली व्हेलमन आणि होग्लिन यांनी टूकींच्या पद्धतींचे फोर्ट्रान व बेसिक भाषांतील प्रोग्रॅम पुस्तकरूपाने दिले. आजही ‘आर’ या संगणकभाषेत ‘स्टेम’ ही आज्ञा दिली की पडद्यावर अंकांची तीच पाने उमटतात.

२१/
शाळेत ती याच सुमारास शिरली. अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञांची आणि गणितशिक्षकांची संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पातून १९८६च्या सुमारास ‘एक्सप्लोरिंग डेटा’ हे लँडवेअर व वॉटकिन्स यांचे शालेय पुस्तक आले. १९८९ साली तेथील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने जाहीर केलेल्या अभ्यासक्रम-मानकांनी माहितीच्या विश्लेषणाला शालेय गणितात ठळक स्थान दिले. जपानमध्ये तर रेल्वे स्थानकांवरील वेळापत्रके याच घडणीची असतात : खोडाच्या जागी तास, पानांच्या जागी मिनिटे. गर्दीच्या वेळची ओळ लांब असते, मध्यरात्रीची आखूड.

२२/
या प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली. टूकी यांनी आकृती दिली ती प्रश्न सुचावेत म्हणून. परीक्षेत ती आली ती उत्तर ठरलेले म्हणून : पाने क्रमाने लावा, किल्ली लिहा, मध्यक सांगा. ‘येथे पोकळी का आहे?’, ‘हे दोन पुंजके कशाचे?’, ‘हे एकटे पान दूर का पडले?’ हे प्रश्न गुणपत्रिकेत बसत नाहीत. काढायला शिकलेला विद्यार्थी वाचायला शिकलाच असेल असे नाही. मर्यादाही उघड आहेत. नोंदी काही शेकड्यांच्या पुढे गेल्या की कागद अपुरा पडतो आणि इतर आलेखांकडे वळावे लागते.

२३/
टूकी २६ जुलै २००० रोजी निवर्तले. त्यांचा १९७७चा ग्रंथ दोघांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे : जीवसंख्याशास्त्रज्ञ चार्ली विन्सर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन. खोड आणि पाने यांची भाषा बोलणाऱ्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत एक वनस्पतिशास्त्रज्ञ असावा, हा योग गमतीचा खराच.

२४/
शेवटी एक जुनी नोंद. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतल्या नायट्रोजनचे विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोजन घडवले. सगळा वायू शोषला गेल्यावरही एक लहानसा बुडबुडा उरला. तो एकूण नायट्रोजनच्या १/१२०हून अधिक नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आणि ते पुढच्या कामाला लागले. तो बुडबुडा बहुतांशी आर्गॉनचा होता. त्याचा उलगडा व्हायला १०९ वर्षे लागली. तोवर ती नोंद मात्र कागदावर होती, कारण एवढ्याशा शेषालाही कॅव्हेंडिश यांनी शून्य म्हटले नव्हते.